वार्धक्याची बेगमी : प्रस्तावना

वयाच्या चोविसाव्या-पंचविसाव्या वर्षी पहिली नोकरी लागते, तेव्हा सह्या करण्यासाठी जो कागदांचा गठ्ठा समोर ठेवला जातो, त्यात एक रकाना असा असतो की, ज्याकडे सही करणाराचे लक्ष सहसा जात नाही. आणि तरीही उत्तरायुष्यातील वीस-पंचवीस वर्षांचा आपला निर्वाह कसा व्हावा, याचा पुष्कळसा निर्णय त्याच रकान्यात होऊन जातो. दरमहा बाजूला पडणाऱ्या रकमेपैकी किती हिस्सा कंपन्यांच्या समभागांत घालावा, किती कर्जरोख्यांत, किती सरकारी रोख्यांत, आणि या सर्वांचा कारभार कोणत्या निधी-व्यवस्थापकाच्या हाती द्यावा, हे त्या रकान्याचे प्रश्न. शेजारच्या मेजावरील सहकारी सांगेल तशी खूण करून, अथवा तो तसाच कोरा ठेवून, अर्ज दाखल होतो आणि पुढे वर्षानुवर्षे त्याची आठवणही कोणी काढीत नाही. तो रकाना समजून-उमजून भरता यावा, एवढ्याच माफक हेतूने ही पुस्तिका लिहिली आहे. परंतु तो समजण्यासाठी आधी जी मनाची बैठक तयार व्हावी लागते, तिचा ऊहापोह प्रकरणांच्या गर्दीत नीट होत नाही, म्हणून ही प्रस्तावना थोडी विस्ताराने लिहीत आहे.

सेवेच्या मोबदल्यात वार्धक्याची किंवा पश्चात राहिलेल्या कुटुंबाची तरतूद व्हावी, ही कल्पना आपल्या मुलखाला परकी नाही. रणांगणी पडलेल्या शिलेदाराच्या मुलाबाळांसाठी बालपरवेशीची नेमणूक करून देण्याची चाल मराठेशाहीच्या दप्तरांतून आढळते. विद्वानांना वर्षासने होती, इनामे होती. या सर्वांत देणारा राजसत्तेचा धनी असे आणि घेणारा त्याच्या मर्जीचा आश्रित असे. इंग्रजी अमदानीत सरकारी नोकराचे निवृत्तिवेतन नियमांच्या चौकटीत आले, तरी ते कृपा आहे की हक्क, हा वाद स्वातंत्र्यानंतरही चालूच राहिला. १७ डिसेंबर १९८२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नकारा खटल्यात त्याचा निकाल लावला. सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने असे ठरविले की, निवृत्तिवेतन ही सरकारने राजीखुशीने द्यावयाची बक्षिसी नव्हे, तर पूर्वी केलेल्या सेवेतून उत्पन्न झालेला तो अधिकार आहे. निवृत्त कर्मचारी आजही तो दिवस पेन्शनर दिन म्हणून पाळतात, ते यथार्थच आहे.

या निकालाला वीस-बावीस वर्षे होतात न होतात तोच, ज्या व्यवस्थेच्या संदर्भात तो हक्क सिद्ध झाला होता, ती व्यवस्थाच नव्या पिढीपुरती बदलली. सुरेंद्र दवे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या 'ओॲसिस' प्रकल्पाच्या समितीने २००० सालच्या आरंभी आपला अहवाल दिला. प्रत्येक व्यक्तीचे स्वतःचे निवृत्तिखाते असावे, नोकरी बदलली तरी ते कायम राहावे, आणि सुरक्षित, समतोल व वृद्धिप्रधान अशा निरनिराळ्या वृत्तींच्या योजनांतून आपली योजना खातेदाराने निवडावी, हा त्याचा गाभा. पुढे १ जानेवारी २००४ पासून केंद्र सरकारच्या सेवेत, सैन्यदले वगळून, नव्याने येणाऱ्यांना राष्ट्रीय पेन्शन योजना, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली एनपीएस, लागू झाली. महाराष्ट्र शासनाने १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर सेवेत आलेल्यांसाठी परिभाषित अंशदानाची योजना आणली. आणि १ मे २००९ पासून एनपीएसचे दार सर्व नागरिकांना उघडले. तिच्यावर देखरेख करणाऱ्या प्राधिकरणाला २०१३ च्या कायद्याने वैधानिक अधिष्ठान मिळाले.

या स्थित्यंतराचा अर्थ असा की, पूर्वी सरकार अखेरच्या पगाराच्या प्रमाणात तहहयात वेतनाची हमी देत असे आणि ती पुरी करण्यासाठी लागणाऱ्या पैशाची चिंता सरकारचीच असे. आता अंशदान तेवढे ठरलेले आहे, प्राप्ती ठरलेली नाही. बाजार चढेल की पडेल, महागाई किती वाढेल, आपण किती वर्षे जगू, या तिन्ही अनिश्चितता राज्यसंस्थेच्या खांद्यावरून उतरून व्यक्तीच्या खांद्यावर आल्या. मार्च २०२३ मध्ये 'एकच मिशन, जुनी पेन्शन' ही घोषणा देत महाराष्ट्रातील लाखो कर्मचारी आणि शिक्षक संपावर गेले, त्यामागे हीच व्यथा होती, आणि ती अनाठायी होती असे म्हणण्यास मी तयार नाही. केंद्र सरकारने १ एप्रिल २०२५ पासून आपल्या कर्मचाऱ्यांना एकीकृत पेन्शन योजनेचा पर्याय दिला, त्यात पंचवीस वर्षांच्या सेवेनंतर अखेरच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या ५० टक्के रकमेची हमी आहे, ती याच असंतोषाची फलश्रुती होय. परंतु पुण्यातील संगणक-कंपनीत, छत्रपती संभाजीनगरच्या कारखान्यात, मुंबईच्या खासगी रुग्णालयात किंवा स्वतःच्या छोट्या व्यवसायात राबणाऱ्या तरुण-तरुणींना असा कोणताच हमीदार नाही व नजीकच्या काळात मिळण्याची चिन्हेही नाहीत. ज्याच्यावर भार टाकला आहे त्याला तो पेलण्याचे शिक्षण मात्र कोणी दिलेले नाही, ही या बदलातील मोठी उणीव मला वाटते.

प्रथम यंत्रणेची रचना ध्यानात घेऊ. खातेदाराला बारा अंकी प्रान क्रमांक मिळतो आणि तो आयुष्यभर तोच राहतो. त्याने भरलेला पैसा तीन मुख्य वर्गांत विभागला जातो. 'ई' म्हणजे कंपन्यांचे समभाग, 'सी' म्हणजे कंपन्यांचे कर्जरोखे, आणि 'जी' म्हणजे केंद्र व राज्य सरकारांचे रोखे. या वर्गांचे प्रमाण ठरविण्याच्या दोन रीती आहेत. एकीत खातेदार स्वतःच टक्केवारी लिहून देतो. रूढ योजनांत समभागांचा हिस्सा कमाल ७५ टक्क्यांपर्यंत ठेवता येतो, आणि १ ऑक्टोबर २०२५ पासून बिगरसरकारी खातेदारांसाठी ज्या नव्या योजना निघाल्या त्यांत तो १०० टक्क्यांपर्यंतही नेता येतो. दुसऱ्या रीतीत वयाप्रमाणे प्रमाण आपोआप बदलत जाते. रकाना कोरा ठेवणाऱ्या सामान्य नागरिकाला याच दुसऱ्या रीतीतील मध्यम योजनेत घातले जाते. सरकारी कर्मचाऱ्याने काहीच न निवडल्यास त्याचा पैसा ठरलेल्या व्यवस्थापकांकडे अशा मूळ योजनेत जातो की, जिच्यात समभागांचा वाटा पुष्कळ वर्षे १५ टक्क्यांच्या आत राहत आला. न निवडणे हीसुद्धा अशा रीतीने एक निवडच ठरते. फक्त ती करणारा दुसरा कोणी असतो, ज्याला खातेदाराचे वय, घर, कर्ज किंवा स्वभाव यांपैकी कशाचीच माहिती नसते.

आता जोखमीकडे वळू. या विषयाचे सारे मर्म तेथेच आहे आणि सर्वाधिक गैरसमजही तेथेच आहेत.

शेअर बाजाराच्या निर्देशांकाचे वर्षा-दोन वर्षांतील हेलकावे हीच जोखीम, असे सामान्यतः समजले जाते, आणि ते हेलकावे भयंकर असू शकतात यात संशय नाही. जानेवारी २००८ मध्ये २१ हजारांच्या उंबरठ्यावर पोचलेला मुंबईचा सेन्सेक्स मार्च २००९ मध्ये ८ हजारांच्या आसपास येऊन ठेपला होता. २३ मार्च २०२० रोजी, देशभर टाळेबंदी जाहीर होण्याच्या आदल्या दिवशी, तो एकाच दिवसात सुमारे १३ टक्के कोसळला. ज्यांनी हे दिवस पाहिले आणि खात्यावरील आकडे निम्म्यावर आलेले अनुभवले, त्यांना धीर धरण्याचा उपदेश करणे सोपे असते. त्यांच्या जागी असणे सोपे नसते. तथापि त्या आकड्यांचा पुढील इतिहासही तितकाच खरा आहे. २०१० च्या दिवाळीत सेन्सेक्स पुन्हा २१ हजारांवर होता, आणि २०२० च्या नोव्हेंबरात त्याने कोसळण्यापूर्वीचे शिखर ओलांडलेले होते. त्या काळात सव्वीस वर्षांचा जो तरुण मुकाट्याने दरमहा पैसे भरीत राहिला, त्याला पडलेल्या भावात अधिक एकके मिळाली, आणि त्याच्या दृष्टीने ती पडझड नुकसानीपेक्षा सवलतीच्याच अधिक जवळची ठरली.

येथे एक साधा हिशेब मांडतो. सव्विसाव्या वर्षी खात्यात ६०,००० रुपये जमले आहेत आणि समभागांची किंमत निम्म्यावर आली, तर सगळा पैसा समभागांत असला तरी तोटा ३०,००० रुपयांचा. नोकरीची अजून चौतीस वर्षे शिल्लक आहेत, आणि भरावयाच्या एकूण पैशांपैकी बहुतेक पैसा अद्याप भरलेलाच नाही. अठ्ठावन्नाव्या वर्षी खात्यात ८० लाख आहेत आणि तीच घसरण झाली, तर तोटा ४० लाखांचा, आणि हाती काळ दोन वर्षांचा. घसरण एकच, टक्केवारी एकच, परंतु एकाच्या बाबतीत ती पुसून निघण्याजोगी घटना आहे आणि दुसऱ्याच्या बाबतीत त्याच्या वार्धक्याचा पायाच खचविणारी आहे. जोखीम ही केवळ रोख्याच्या अंगी असलेला गुण नाही. पैशाची गरज केव्हा लागणार, त्या मुदतीशी ती बांधलेली आहे. निवृत्तिनिधीच्या प्रत्येक योजनेला प्राधिकरणाच्या नियमाप्रमाणे 'अल्प' पासून 'अति उच्च' पर्यंतच्या सहा पायऱ्यांपैकी कोणत्या पायरीची जोखीम आहे, हे जुलै २०२२ पासून जाहीर करावे लागते. ही व्यवस्था स्तुत्य आहे; पण त्या मापकाला योजना ठाऊक असते, खातेदाराचे वय ठाऊक नसते. चोवीस वर्षांच्या मुलीने 'अति उच्च' हा शेरा वाचून मागे सरावे आणि सत्तावन्न वर्षांच्या तिच्या वडिलांनी गेल्या वर्षीचा परतावा पाहून तेथे धाव घ्यावी, असे घडते, आणि दोघेही आपापल्या परीने उलट दिशेला जातात.

दुसरी जोखीम खात्याच्या उताऱ्यात कधीच दिसत नाही, म्हणून ती अधिक घातक. तिचे नाव महागाई. वर्षाला ६ टक्क्यांनी भाव वाढत गेले, तर सुमारे बारा वर्षांत खर्च दुप्पट होतो. छत्तीस वर्षांत तो आठपट होतो. आज ज्या घराचा महिना २०,००० रुपयांत भागतो, त्याच राहणीला चोविशीतील कमावत्याच्या साठाव्या वर्षी दीड लाखाहून अधिक लागतील. दरमहा ५,००० रुपये पस्तीस वर्षे भरले, म्हणजे एकंदर २१ लाख भरले, आणि त्यावर सरासरी ८ टक्के व्याज मिळाले असे धरले, तर अखेरीस १ कोटी १५ लाखांच्या आसपास रक्कम जमते. ऐकताना ती मोठी वाटते. पण वरील महागाईच्या दराने तिची किंमत आजच्या १५ लाखांइतकीच भरते. तेच उत्पन्न सरासरी १० टक्के धरले, तर रक्कम १ कोटी ९० लाखांच्या घरात जाते, आणि आजच्या भावाने ती सुमारे २५ लाख होते. हे दोन्ही दर केवळ हिशेबासाठी गृहीत धरले आहेत. त्यांपैकी कोणताही मिळेलच अशी ग्वाही कोणी देऊ नये. परंतु दोन टक्क्यांच्या फरकाने साठीच्या उंबरठ्यावर केवढे अंतर पडते, हे यावरून स्पष्ट व्हावे. तरुणपणी अतिसावधपणा बाळगून सगळा पैसा रोख्यांत ठेवणारा माणूस जोखीम टाळीत नाही. तो वर्षावर्षाच्या हेलकाव्याची जोखीम देऊन वार्धक्यात अपुरे पडण्याची जोखीम विकत घेतो, आणि ती चुकती करण्याची वेळ येते तेव्हा पुन्हा कमावण्याची ताकद त्याच्यापाशी उरलेली नसते.

'सुरक्षित' म्हणून ज्यांना आपण निःशंकपणे कवटाळतो, त्या गोष्टीही पारखूनच घ्याव्यात. सरकारी रोख्यांत मुद्दल बुडण्याची भीती नाही. मात्र बाजारातील व्याजदर वाढले की, जुन्या दराने काढलेल्या रोख्यांची किंमत उतरते, आणि रोख्याची मुदत जितकी लांब तितकी ती अधिक उतरते. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर ४ टक्क्यांवरून ६.५ टक्क्यांवर नेला, तेव्हा 'जी' वर्गातील पैसाही स्थिर राहत नाही, हे अनेकांच्या प्रथमच लक्षात आले. कर्जरोख्यांची गोष्ट आणखी नाजूक आहे. आयएल अँड एफएस या संस्थेच्या रोख्यांना पतमापन संस्थांनी सर्वोच्च दर्जा दिलेला होता. सप्टेंबर २०१८ मध्ये ती संस्था देणी चुकविण्यास असमर्थ ठरली, आणि काही निवृत्तिनिधींचेही पैसे तिच्यात अडकले. याहून जुनी आणि मराठी मध्यमवर्गाच्या अधिक जिव्हारी लागलेली आठवण 'यूएस-६४' ची. १९६४ साली निघालेल्या युनिट ट्रस्टच्या या योजनेवर घरोघरी सरकारी ठेवीसारखाच विश्वास होता. निवृत्तीनंतरची पुंजी, मुलीच्या लग्नाची रक्कम, सारे तिच्यात ठेवलेले असे. जुलै २००१ मध्ये तिच्या युनिटांची खरेदी-विक्री थांबविण्यात आली, तेव्हा आपले पैसे समभागांतही गुंतलेले होते, हे कितीतरी युनिटधारकांना त्या दिवशी कळले. त्या लोकांनी जोखीम घेतली हा त्यांचा दोष नव्हता. आपण ती घेत आहोत हे त्यांना ठाऊक नव्हते, हे दुर्दैव होते.

समभागांची तरफदारी करताना त्यांची काळी बाजू झाकून ठेवणे मला अप्रामाणिक वाटते. जपानचा निक्केई निर्देशांक २९ डिसेंबर १९८९ रोजी ३८,९१५ वर पोचला, आणि ते शिखर त्याने पुन्हा ओलांडले ते फेब्रुवारी २०२४ मध्ये. चौतीस वर्षे म्हणजे जवळजवळ एक संपूर्ण नोकरी. 'दीर्घ मुदतीत शेअर बाजार वाढतोच' हे वाक्य गुंतवणुकीच्या व्याख्यानांतून ज्या सहजतेने फेकले जाते, ती सहजता या एका उदाहरणापुढे टिकत नाही. थोडे थोडे दरमहा भरणाऱ्या जपानी बचतदाराची स्थिती शिखरावर एकदाच पैसे घालणाऱ्यापेक्षा बरी राहिली असणार, हे खरे. तरीही एकाच देशाच्या एकाच वर्गात सगळे भवितव्य ठेवणे धोक्याचे आहे, हा धडा त्यातून घेणे भाग आहे. म्हणूनच नव्या योजनांत १०० टक्के समभागांची मुभा आली असली, तरी ती सर्रास वापरावी असा सल्ला या पुस्तिकेत दिलेला नाही.

वयोमानाप्रमाणे आपोआप बदलणाऱ्या योजनांचा विचार मी थोड्या तपशिलाने करतो, कारण बहुसंख्य तरुण याच मार्गाने जातील, आणि त्यांची नावे पाहून जो ग्रह होतो तो त्यांच्या कोष्टकांशी जुळत नाही. मध्यम योजनेत पस्तिसाव्या वर्षापर्यंत ५० टक्के समभाग, ३० टक्के कर्जरोखे आणि २० टक्के सरकारी रोखे असतात. नंतर दरवर्षी समभाग दोन टक्क्यांनी घटत पंचावन्नाव्या वर्षी १० टक्क्यांवर येतात आणि सरकारी रोखे ८० टक्क्यांवर जातात. सावध योजनेत आरंभ २५ टक्क्यांपासून आहे आणि शेवट ५ वर. आक्रमक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या योजनेत पस्तिसाव्या वर्षापर्यंत समभाग ७५ टक्के असतात, पण त्यानंतर ते प्रथम दरवर्षी चार-चार टक्क्यांनी इतक्या झपाट्याने उतरतात की, पंचेचाळिसाव्या वर्षी तेथे ३५ टक्केच समभाग उरतात. त्याच वयाला मध्यम योजनेत ते ३० असतात. म्हणजे ज्या दोन योजनांची नावे एवढी दूरची, त्या दहा वर्षांत जवळजवळ एकमेकींच्या शेजारी येऊन बसतात, आणि तेही नेमके अशा काळात की, जेव्हा खात्यातील शिल्लक प्रथमच लक्षणीय होऊ लागलेली असते व निवृत्तीला अजून पंधरा वर्षे बाकी असतात. ही घट फार लवकर सुरू होते, असे माझे स्पष्ट मत आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या समतोल योजनेत ५० टक्के समभाग पंचेचाळिसाव्या वर्षापर्यंत कायम राहून पंचावन्नाव्या वर्षी ३५ टक्क्यांवर येतात. विशीतील ज्या बचतदाराला पुढे स्वतः लक्ष घालण्याची हौस अथवा सवड नाही, त्याच्यासाठी ही रचना मला अधिक युक्त वाटते. ज्याला वर्षातून एकदा तासभर बसून कोष्टक पाहण्याची तयारी आहे, त्याने टक्केवारी स्वतः ठरवावी. विशीत ६५ ते ७५ टक्के समभाग, पन्नाशीच्या सुमारास निम्मे, आणि निवृत्तीच्या पाच-सात वर्षे आधीपासून निर्धाराने उतार, असा माझा ठोकताळा आहे.

मात्र ठोकताळा हा ठोकताळाच, आणि तो लावण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या घराची पाहणी करावी. ज्याचा भविष्यनिर्वाह निधीही कापला जातो, त्याच्या एकंदर बचतीचा मोठा भाग आधीच व्याजाच्या साधनांत पडलेला असतो. २०२४-२५ साठी त्या निधीचा दर ८.२५ टक्के होता, आणि तो भाग हिशेबात धरला तर एनपीएसमधील समभागांचे ७५ टक्के प्रमाण एकंदर बचतीच्या मानाने मुळीच अतिरेकी राहत नाही. उलट ज्याचा धंदा स्वतःचा आहे, ज्याच्या आमदनीत मंदीच्या काळी खोट येते, त्याचा बाजार आणि त्याचा गल्ला एकाच वेळी पडण्याचा संभव असल्याने त्याने हात थोडा आखडता घ्यावा. ज्याच्यापाशी सहा महिन्यांच्या खर्चाची रोकड नाही, ज्याच्या डोक्यावर जास्त व्याजाचे वैयक्तिक कर्ज आहे, त्याने प्रथम ते पाहावे. निवृत्तिखात्यातील पैसा अडचणीच्या वेळी सहज हाती येत नाही, तशी त्याची योजनाच आहे. ज्या स्त्रियांना बाळंतपण किंवा घरातील आजारपण यांमुळे काही वर्षे नोकरी सोडावी लागते, त्यांची भरणा करण्याची वर्षे कमी आणि जगण्याची वर्षे सरासरीने अधिक असतात; सावधपणाचा उपदेश सर्वाधिक त्यांनाच केला जातो, आणि वृद्धीची गरज सर्वाधिक त्यांनाच असते.

स्वभावाचा प्रश्न यांहून वेगळा आहे. कागदावर ७५ टक्के लिहून पहिल्या घसरणीत घाबरून सगळे 'जी' वर्गात हलविणाऱ्यापेक्षा, ५० टक्के लिहून वीस वर्षे त्याला हात न लावणारा पुष्कळदा पुढे जातो. वर्षातून चार वेळा प्रमाण बदलण्याची सोय आहे. ती वापरलीच पाहिजे असे बंधन नाही. घसरण आलेली असताना आपण कसे वागू, हे घसरण येण्यापूर्वी कोणालाच पुरते उमगत नाही, म्हणून अगदी तरुण वयात, जेव्हा शिल्लक थोडी असते, तेव्हाच मोठा हिस्सा समभागांत ठेवून पाहावा, असे मी आवर्जून सांगेन. त्या वयातील तोटा रुपयांत लहान असतो, आणि स्वतःच्या मनाची ओळख मात्र पुरी होते.

निधी-व्यवस्थापकाच्या निवडीला लोक जेवढे महत्त्व देतात तेवढे ते नाही. एसबीआय, एलआयसी, यूटीआय, एचडीएफसी, आयसीआयसीआय, कोटक अशा अनेक संस्थांचे पेन्शन फंड आहेत. गुंतवणुकीचे नियम सर्वांना एकच असल्याने त्यांच्यातील दीर्घकालीन फरक वर्गांच्या प्रमाणाने पडणाऱ्या फरकापुढे किरकोळ ठरतो. गेल्या वर्षी पहिला आलेला पाहून दरवर्षी व्यवस्थापक बदलीत राहणे व्यर्थ आहे. मात्र खर्चाकडे डोळ्यांत तेल घालून पाहावे. एनपीएसच्या रूढ योजनांत व्यवस्थापनाचा आकार वर्षाला १०,००० रुपयांमागे सुमारे दहा रुपये किंवा त्याहूनही कमी असा नाममात्र राहिला आहे, आणि नव्या प्रकारच्या योजनांत तो तीस रुपयांपर्यंत जाऊ शकतो. पूर्वीच्या उदाहरणात १० टक्क्यांऐवजी खर्चापोटी एक टक्का कापला जाऊन ९ टक्के हाती आले, तर १ कोटी ९० लाखांऐवजी १ कोटी ४७ लाख उरतात. एवढ्या मोठ्या फरकासाठी बाजारात काहीही घडावे लागत नाही.

निवृत्तीच्या वेळी काय होते, हा भाग शेवटच्या प्रकरणात आहे, म्हणून येथे थोडक्यात सांगतो. जमलेल्या रकमेचा एक भाग एकरकमी मिळतो आणि उरलेल्यातून विमा कंपनीकडून ॲन्युइटी, म्हणजे तहहयात वार्षिकी, घ्यावी लागते. साठाव्या वर्षी किमान ४० टक्के रक्कम तीत घालण्याचा नियम दीर्घकाळ होता. २०२५ च्या अखेरीस बिगरसरकारी खातेदारांसाठी ही मर्यादा सामान्यतः २० टक्क्यांवर आणण्यात आली. या सवलतीचे स्वागत झाले, पण मला तिच्याबद्दल थोडी धास्ती वाटते. साठीला हाती आलेली मोठी रक्कम मुलाच्या घरासाठी, नातवाच्या शिक्षणासाठी, भिडेखातर खर्ची पडते, आणि ऐंशीव्या वर्षी दरमहा येणाऱ्या निश्चित पैशाचे मोल समजते.

या पुस्तिकेतील प्रकरणांचा क्रम अर्ज भरण्याच्या क्रमाने ठेवला आहे. ज्याचा अर्ज उद्याच दाखल करावयाचा आहे, त्याने पहिली दोन प्रकरणे तूर्त बाजूला ठेवून तिसऱ्यातील कोष्टके पाहावीत आणि बाकीचे सवडीने वाचावे. शिक्षक व राज्य कर्मचारी यांनी पाचवे प्रकरण प्रथम वाचावे, कारण त्यांना उपलब्ध असलेले पर्याय इतर नागरिकांहून निराळे आहेत आणि त्यांत गेल्या काही वर्षांत अनेक फेरबदल झाले आहेत. नियम या पुस्तिकेच्या छपाईनंतरही बदलतील; तेव्हा टक्केवारीच्या मर्यादा, आकार आणि पैसे काढण्याच्या अटी यांची खातरजमा प्राधिकरणाच्या ताज्या परिपत्रकांवरून करून घेतल्याखेरीज केवळ येथील आकड्यांच्या भरवशावर कोणीही सही करू नये, एवढी विनंती आहे.